बॉब जेम्स : स्मूद जॅझवाला पियानिस्ट आणि त्याला नावं ठेवणारे

तिरकीटधा
मागे फ्यूजनच्या (जॅझमध्ये रॉक-फंक मिसळतात ते) धाग्यावर कुणीतरी "स्मूद जॅझ म्हणजे हॉटेलच्या लॉबीत वाजतं ते गुळमट काहीतरी" असं लिहून मोकळं झालं आणि खाली +१ ची रांग लागली. वाद घालायचा मूड नव्हता म्हणून गप्प बसलो, पण तेव्हापासून बॉब जेम्सवर लिहायचं डोक्यात होतं. या माणसाला एकीकडे स्मूद जॅझचा मूळपुरुष म्हणतात आणि दुसरीकडे हिपहॉपवाले त्याच्या जुन्या रेकॉर्ड्स चाळीस वर्षं ओरबाडून खातायत. माझ्या मते दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच सवयीतून आल्यात. सवय म्हणजे जागा सोडणं. पुढे सांगतो.

जन्म २५ डिसेंबर १९३९, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं मार्शल नावाचं लहान गाव. चौथ्या वर्षापासून पियानो, मग मिशिगन युनिव्हर्सिटीत कंपोझिशनचं रीतसर शिक्षण. १९६२ साली नोटर डेमच्या कॉलेज जॅझ फेस्टिव्हलमध्ये त्याचं त्रिकूट वाजवत होतं आणि परीक्षकांत बसला होता क्विन्सी जोन्स. हो तोच, पुढे मायकेल जॅक्सनचे अल्बम करणारा. त्याने पोराला उचललं, मर्क्युरी कंपनीकडे नेलं आणि १९६३ ला बोल्ड कन्सेप्शन्स हा पहिला अल्बम आला. इथपर्यंत सगळं हुशार मुलाच्या गोष्टीसारखं.

गंमत पुढे आहे. १९६५ साली त्याने इएसपी डिस्क नावाच्या कंपनीसाठी एक्सप्लोजन्स केला. ही कंपनी म्हणजे त्या काळातल्या फ्री जॅझवाल्यांचा अड्डा. पियानो, बेस, ड्रम्स आणि सोबत टेपवरचे इलेक्ट्रॉनिक आवाज, कुठे किंचाळी, कुठे खरखर, तालाचा पत्ता नाही. ज्याला पुढे लोक "जेवताना लावायचं संगीत" म्हणून हिणवणार होते त्याने पंचविशीत हे केलंय. ऐकून बघा, घरातले "काय लावलंयस" म्हणत बाहेर येतात की नाही ते सांगा.

त्यानंतर काही वर्षं तो सारा वॉनच्या मागे पियानोला होता. मला वाटतं खरं शिक्षण इथे झालं. इतक्या मोठ्या गळ्याच्या बाईमागे वाजवायचं म्हणजे आपल्याकडे ख्यालाला पेटीची साथ करण्यासारखं, बोटं कितीही शिवशिवली तरी गाणाऱ्याच्या वाटेत यायचं नाही आणि नेमका श्वास घेते तिथे दोन सूर ठेवून परत मागे व्हायचं.

सत्तरच्या दशकात तो क्रीड टेलरच्या सीटीआय कंपनीत अरेंजर (कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते लिहून देणारा) म्हणून शिरला. रेकॉर्डिंग न्यू जर्सीत एंगलवूड क्लिफ्सला, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. १९७१ चा एक किस्सा सांगायलाच हवा. हँक क्रॉफर्डच्या सॅक्सोफोनसाठी अल्बमची सगळी तयारी झाली, बॉबने अरेंजमेंट लिहून ठेवली आणि ऐन वेळी क्रॉफर्ड येऊ शकला नाही. वादक बसलेत, स्टुडिओचं मीटर चालू. मग सहवादक म्हणून आलेल्या ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरच्या हातात सॅक्स देऊन उभं केलं. तो अल्बम इनर सिटी ब्लूज. ग्रोव्हरचं करिअर तिथून सुरू. पुढे १९७५ च्या मिस्टर मॅजिकची अरेंजमेंटही बॉबचीच. आज ज्याला स्मूद जॅझ म्हणतात त्याचा पाया या दोघांनी घातला असं म्हटलं तर फार चूक नाही, फक्त तेव्हा ते नाव नव्हतं.

मग स्वतःचे अल्बम. नावं ठेवायचा कंटाळा म्हणून वन (१९७४), टू (१९७५), थ्री (१९७६) आणि बीजे४ (१९७७). वन मध्ये मुसोर्गस्कीची नाईट ऑन बाल्ड माउंटन आहे, पाखेलबेलच्या कॅननवर बेतलेला एक तुकडा आहे, फील लाइक मेकिंग लव्ह आहे (रॉबर्टा फ्लॅकच्या मूळ गाण्यातही इलेक्ट्रिक पियानो याचाच), आणि सगळ्यात शेवटी, दुसऱ्या बाजूच्या टोकाला, जिथे कंपन्या उरलंसुरलं टाकतात तिथे नॉटिलस.

नॉटिलस हेडफोन लावून ऐका प्लीज. पाण्याखालून वर येतोय असा घुमणारा आवाज, मग गॅरी किंगचा बेस, तीच ओळ परत परत, आयड्रिस मोहम्मदचे ड्रम्स कोरडे आणि जवळून घेतलेले, आणि बॉबचा फेंडर रोड्स (इलेक्ट्रिक पियानो) मधूनमधून एखादा कॉर्ड टाकून गप्प. पियानिस्टचा अल्बम आहे आणि पियानिस्टच सगळ्यात कमी वाजवतोय. जागा सोडणं म्हणालो ते हेच. बेस आणि ड्रम्स इतके उघडे पडलेत की दहा-बारा वर्षांनी सॅम्पलर मशीन (रेकॉर्डचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वाजवणारं) घेऊन बसलेल्या हिपहॉपच्या पोरांना ते कापून घ्यायला काही कष्टच नव्हते. स्लिक रिकचं चिल्ड्रन्स स्टोरी (१९८८), घोस्टफेस किलाचं डेटोना ५०० (१९९६), यादी संपत नाही. दुसरा तुकडा टू वरच्या टेक मी टू द मार्डी ग्राची सुरुवात, ती घंटांची टणटण. ब्राँक्सच्या गल्लीतल्या पार्ट्यांमध्ये डीजे लोक दोन कॉप्या लावून तेवढेच काही सेकंद फिरवत बसायचे. रन डीएमसीचं पीटर पायपर (१९८६) त्यावरच उभं आहे.

बाकी करिअर भरभर सांगतो कारण ते कुठेही सापडेल. १९७७ ला स्वतःचं लेबल, तप्पन झी, हडसन नदीवरच्या जुन्या पुलाचं नाव. त्याची कव्हरं डिझायनर पॉला शेरने केली, एक वस्तू घ्यायची आणि अख्ख्या कव्हरभर मोठी करायची : टचडाउनवर फुटबॉल, वन ऑन वन वर आगपेटी, एच वर हॉट डॉग. १९७८ पासून टॅक्सी या अमेरिकन टीव्ही मालिकेचं संगीत. १९७९ ला गिटारवाल्या अर्ल क्लूबरोबर वन ऑन वन, त्याला ग्रॅमी. १९८६ ला डेव्हिड सॅनबॉर्नबरोबर डबल व्हिजन, त्यालाही. १९९० च्या ग्रँड पियानो कॅन्यनच्या रेकॉर्डिंगमध्ये ली रिटनॉर, नेथन ईस्ट, हार्वी मेसन हे तिघं जमले आणि त्यातून फोरप्ले बँड. त्यांचा पहिला अल्बम बिलबोर्डच्या कंटेम्पररी जॅझ यादीत ३३ आठवडे एक नंबरला होता.

टॅक्सीबद्दल मात्र एक. शीर्षकगीत म्हणून जी धून जगाला माहित आहे ती अँजेला, आणि ती शीर्षकासाठी केलेलीच नव्हती. शीर्षकाला टचडाउन नावाची धून होती. अँजेला ही एका भागातल्या पात्रासाठी लिहिलेली, जरा उदास. निर्मात्यांनी ती ऐकली आणि म्हणाले हीच पुढे घ्या. क्वीन्सबोरो पुलावरून टॅक्सी चाललीये आणि मागे ही धून. विनोदी मालिका आहे हो ती! पण त्या उदासपणामुळेच लोकांना आठवते.

चुभूदेघे. भर घाला.

---

खमंगकाकडी
वा! वाखूसा (वाचनखूण साठवली). चिल्ड्रन्स स्टोरी कॉलेजात पाठ होतं, त्याच्याखालचा बेस एका चष्मेवाल्या दाढीवाल्या कंपोझरकाकांचा आहे हे आज कळलं. आत्ता नॉटिलस लावलं आणि पहिल्या मिनिटातच तोंडातून रॅप सुरू झाला, बायको बघत राहिली.

---

शुद्धगांधार
लेख चांगला आहे पण माझा मुद्दा तसाच आहे. सत्तरचा बॉब जेम्स आवडतो, वाद नाही. पण नंतरचं काय? फोरप्लेचे अल्बम ऐका, चौघंही जबरदस्त वादक आणि चौघंही जणू एकमेकांची झोपमोड होऊ नये म्हणून वाजवतायत. जॅझमध्ये काहीतरी पणाला लागलेलं दिसावं लागतं, पियानिस्ट बिल इव्हान्सचं त्रिकूट ऐकताना आता पुढे काय होणार ही धाकधूक असते. इथे पुढे काय होणार ते आधीच माहित असतं. "जागा सोडणं" म्हणून किती दिवस खपवणार?

---

बोलघेवडा
+१ शुद्धगांधार. गुळाचा गणपती.

---

तिरकीटधा
@शुद्धगांधार, अर्धं मान्य. फोरप्लेचे काही अल्बम मीही पूर्ण ऐकू शकत नाही. पण यात वाजवणाऱ्यापेक्षा रेडिओचा हात मोठा आहे. स्मूद जॅझ हा आधी रेडिओचा फॉरमॅट आहे. फेब्रुवारी १९८७ ला लॉस एंजेलिसचं रॉक स्टेशन बंद होऊन त्याजागी केटीडब्ल्यूव्ही, म्हणजे द वेव्ह, सुरू झालं. मग सगळीकडे तसली स्टेशनं. श्रोत्यांना गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवून कुठलं खुपतं ते विचारायचे आणि खुपणारं काढून टाकायचे. ऑफिसात दिवसभर चालू राहिलं पाहिजे, कुणी बंद करता कामा नये एवढीच अट. आता ज्याचं पोट त्यावर आहे तो लांब सोलो कशाला वाजवेल? आणि ही सगळी इमारत पडली पण तितक्याच लवकर, न्यूयॉर्कचं सीडी १०१.९ फेब्रुवारी २००८ मध्ये रातोरात रॉक झालं. बॉबचे महत्त्वाचे अल्बम या फॉरमॅटच्या दहा-बारा वर्षं आधीचे आहेत, त्यामुळे फॉरमॅटचं पाप त्याच्या माथी मारू नका एवढंच म्हणणं.

---

शुद्धगांधार
पोटापाण्याचं कारण दिलं की सगळंच माफ होतं मग. मी वाजवणाऱ्याला शिव्या देत नाहीये, ऐकायला कंटाळा येतो एवढंच सांगतोय.

---

मिशिगनमावशी
मी अ‍ॅन आर्बरला, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावी, बरीच वर्षं आहे म्हणून एक भर. एक्सप्लोजन्स आकाशातून पडला नाही. साठच्या दशकात इथे वन्स फेस्टिव्हल व्हायचा, १९६१ ते १९६६, रॉबर्ट अ‍ॅश्ली आणि गॉर्डन मम्मा हे त्यातले पुढारी, दोघं टेप आणि इलेक्ट्रॉनिक आवाजांवर काम करायचे. एक्सप्लोजन्सवरचे टेपचे आवाज याच दोघांचे! म्हणजे बॉब कॉलेजच्या गावातली मंडळी घेऊनच न्यूयॉर्कला गेला. इथल्या जुन्या लोकांना त्याचं भारी कौतुक, आपला मुलगा म्हणतात, जन्म मिझुरीचा असला तरी.
आणि हो, १९६५ चीच न्यूयॉर्कमधली त्याच्या त्रिकुटाची आणखी रेकॉर्डिंग्ज २०२० ला वन्स अपॉन अ टाइम नावाने बाहेर आलीत. तिरकीटधा तुम्ही ऐकलीत का? त्यात तो मधेच सरळ स्विंग (झुलत्या तालाचं पारंपरिक जॅझ) वाजवतो, मधेच वेडेपणा करतो, आणि कुठल्या वाटेने जावं हे अजून ठरलेलं नाहीये ते स्पष्ट ऐकू येतं.

---

तिरकीटधा
मावशी, ही भर लेखापेक्षा भारी आहे! अ‍ॅश्ली आणि मम्मा यांची नावं वाचली होती पण फेस्टिव्हलशी सांधा जोडला नव्हता कुणी माझ्यासाठी. धन्यवाद.

---

नाचणीसत्व
एक बाळबोध प्रश्न. ही पोरं जे कापून घेतात त्याचे पैसे बॉबकाकांना मिळतात का? का फुकटात फौजदारी?

---

अर्जविनंती
@नाचणीसत्व, कामानिमित्त कॉपीराइटशी संबंध येतो म्हणून लिहितो. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल ज्याने बांधली त्याचा, आणि दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. सॅम्पल केलं की दोघांचीही परवानगी लागते. आता मजा बघा, नॉटिलस बॉबची स्वतःची रचना, पण मार्डी ग्रा हे पॉल सायमनचं गाणं (१९७३), बॉबने फक्त आपली आवृत्ती केली. म्हणजे त्या घंटा मूळ चालीत नसल्या तरी रचनेचा हक्क म्हटलं की सायमनचं नाव येतं, आणि रेकॉर्डिंगचा हक्क ज्याच्याकडे असेल त्याचा वेगळा. घंटा वाजवणाऱ्या तालवादकाला यातलं काही नाही, त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली, विषय संपला.
ऐंशीच्या दशकात कुणी विचारत नव्हतं, घ्या आणि वापरा. १९९१ ला बिझ मार्की नावाच्या रॅपरविरुद्ध गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्यावरून निकाल लागला, न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच "चोरी करू नकोस" या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर कंपन्यांनी आधी परवानगी मग रेकॉर्ड असं धोरण घेतलं.

---

नाचणीसत्व
तालवादकाला काही नाही हे वाचून वाईट वाटलं. लोक नाचले तर त्या घंटांवर ना.

---

कोरसमधला_तिसरा
हे आपल्याकडच्या अरेंजर लोकांसारखंच झालं की. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, सगळे गोव्याचे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यातले व्हायोलिनचे ताफे आपण गुणगुणतो, ते सेबॅस्टियननी कागदावर उतरवलेले असायचे, पडद्यावर नाव संगीतकाराचं. चिक चॉकलेट तर दिवसा सी. रामचंद्रांकडे आणि रात्री हॉटेलात ट्रम्पेट. फरक एवढाच की बॉब जेम्सला अरेंजर असताना स्वतःच्या नावाने अल्बम काढता आले आणि नंतर स्वतःचं लेबल काढता आलं. आमच्या लोकांना ती सोयच नव्हती. त्यांना कुणी लेबल दिलं असतं तर काय काय झालं असतं याचा विचार करून झोप उडते.
अवांतर : १९७८ लाच मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली, रंगभवनला, सॉनी रॉलिन्स आला होता. माझे मामा गेले होते, अजून सांगतात. त्यांच्यासमोर स्मूद जॅझ हा शब्द काढायची सोय नाही.

---

बोलघेवडा
मामांना +१.

---

रेडिओगामा
वर्ल्डस्पेस हा सॅटेलाइट रेडिओ आठवतंय का कुणाला? छतावर ती छोटी अँटेना आभाळाकडे तोंड करून लावायची आणि खाली खुसखुशीत आवाज. त्यात रिफ नावाचं जॅझचं चॅनेल होतं. माझी या सगळ्याशी ओळख तिथेच. २००९ संपताना बंद पडलं, पैसे भरलेले वर्षभराचे. मग मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाउस या दुकानात सीड्या बघत फिरायचं, महाग असायच्या, कव्हर वाचून परत ठेवायच्या. तेही २०१६ ला गेलं. आता सगळं फोनमध्ये आहे आणि ऐकायला वेळ नाही.

---

पांढरीपाच
लेख छान. मी पियानो शिकते (क्लासिकल, ग्रेडच्या परीक्षा वगैरे) आणि कीबोर्डवर रोड्सचा आवाज लावून अँजेला वाजवायचा प्रयत्न करतेय. सूर बरोबर येतात पण चिखल होतो, त्याच्यासारखं स्वच्छ येत नाही. काय चुकतंय?

---

तिरकीटधा
@पांढरीपाच, डाव्या हाताने खालचे जाड कॉर्ड धरताय ना? क्लासिकलवाल्यांची सवय असते ती. रोड्समध्ये तारा नसतात, हातोडी एका बारीक पोलादी काडीवर आपटते आणि शेजारचा पिकअप तो कंप उचलतो, गिटारसारखं. वरच्या सप्तकात घंटेसारखं गोड वाजतं, पण खाली तीन सूर एकत्र दाबले की गढूळ झालंच. म्हणून ही मंडळी डाव्या हातात षड्जच (कॉर्डचा मूळ सूर) घेत नाहीत, तो बेसवाल्याचा. तुम्ही फक्त तिसरा आणि सातवा सूर धरा, तेही मधल्या सी च्या आसपास, आणि उजव्या हाताला चाल. पॅडल कमी. आणि जोरात मारलं की रोड्स गुरगुरतो, हळू मारलं की गोल वाजतो, तर एकाच ओळीत दोन्ही करून बघा. बॉबचं अर्धं कौशल्य तिथे आहे.

---

पांढरीपाच
षड्ज सोडला आणि चिखल गेला!! दोन वर्षं मास्तर डावा हात भरून वाजव म्हणतायत. पण नुसतं वाजवलं तर पोकळ वाटतं, बेस पाहिजे सोबत.

---

कोरसमधला_तिसरा
भाऊ किंवा बहिणीला बेस गिटार घेऊन द्या. :)

---

शुद्धगांधार
सकाळी मावशींनी सांगितलेला वन्स अपॉन अ टाइम ऐकला. हे खरंच वेगळं प्रकरण आहे, याचा पियानो धावतो, अडखळतो, चिडतो. आता तर राग जास्त आला, इतकं येत असून माणसाने पुढे ते गुंडाळून ठेवलं. तिरकीटधा, म्हातारपणी तरी परत असं काही वाजवलंय का त्याने? असेल तर सांगा.

---

तिरकीटधा
@शुद्धगांधार, २०१३ चा क्वार्टेट ह्यूमेन ऐका. सॅनबॉर्नबरोबर डबल व्हिजननंतर सत्तावीस वर्षांनी, पण यावेळी साधा लाकडी पियानो, सिंथ वगैरे काही नाही, ड्रम्सला स्टीव्ह गॅड, बेसला जेम्स जीनस. डेव्ह ब्रूबेक (पियानो) आणि पॉल डेझमंड (सॅक्सोफोन) यांची जोडी डोळ्यासमोर ठेवून केलाय. तुमच्या धाकधुकीच्या परीक्षेत पूर्ण पास होईल असं म्हणत नाही, पण यात दोघं एकमेकांचं ऐकून वाट बदलतात ते कळतं. मग २०१८ चा एस्प्रेसो, त्रिकुटाचा. सॅनबॉर्न मे २०२४ मध्ये गेला. बॉबने २०२३ ला, म्हणजे वय वर्षं ८३, जॅझ हँड्स काढला.

---

खमंगकाकडी
तिरकीटधा, पुढचा धागा पियानिस्ट जो सॅम्पलवर येऊ द्या. तोही याच पठडीतला ना?

---

तिरकीटधा
पठडी लोकांनी नंतर केली. जो सॅम्पल ह्यूस्टनचा, हायस्कूलच्या दोस्तांचा बँड, आधी जॅझ क्रुसेडर्स आणि सत्तरच्या सुरुवातीला नावातून जॅझ काढूनच टाकलं. त्याच्या डाव्या हातात टेक्ससचा ब्लूज आणि चर्च दोन्ही आहे, बॉबच्या हातात ते नाही आणि त्याने ते आणायचा आवही आणला नाही. एका प्रतिसादात उरकायचा माणूस नाही तो. दिवाळीनंतर लिहितो, तोवर रँडी क्रॉफर्डने गायलेलं १९७९ चं स्ट्रीट लाइफ ऐकून ठेवा, लांबवालं, रेडिओसाठी कापलेलं नको.